फणी हातात द्यायला हवी होती

“मास्तर, तुमचो दाजी गेलो. खंय उतरतलास?” एस.टी.च्या कंडक्टरने एका दमात सांगितलं. मी उतरायचं ठिकाण बिनचूक सांगितलं, याची लाज वाटते. पण दाजीबाबतची माझी लाज जुनी आहे...

दाजी आमचा शेजारी, होडीवरचा तांडेल. लांबचं शीड कुणाचं, हे सगळ्यांआधी तोच सांगायचा. एका मोठ्या तापातून उठला आणि ताटातला बांगडा बघून “ह्या काय?” विचारू लागला. बायकोला आवाजावरून ओळखायचा. सुईत दोरा मात्र सहज ओवायचा. वैनींनी देवळात कौल लावला, गुरवाने बाधा सांगितली. मी हसलो. चार पुस्तकं वाचलेल्या माझ्याकडे सोपं उत्तर होतं: ढोंग.

ते सिद्ध करायला मी भर बाजारात त्याच्यापुढे फणी धरली.

“लांबडा आसा... दात आसत,” दाजी म्हणाला.

“सुसर नाय मां रे ती?” कुणीतरी ओरडलं. लोक हसले, मीही.

दाजीने हात पुढे केला. “मास्तर, माका हातात दी मरे.”

“हातात नाही. डोळ्यांनी सांग,” मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. त्या दिवसापासून तो ‘ढोंगी तांडेल’ झाला. होडीवर कुणी घेईना.

वर्षभराने त्याला मुंबईच्या इस्पितळात नेलं. सोबत मीच, डॉक्टरांना मालवणी समजावून सांगायला. त्यांनी दिलेलं माशाचं चित्र दाजीने खवल्यांसकट हुबेहूब उतरवलं आणि विचारलं, “पण ह्या काय?” मग त्यांनी फणी दाखवली. लांबडा, दात... तेच उत्तर. मी मान खाली घातली. डॉक्टरांनी फणी त्याच्या हातात दिली.

“फणी!” दाजी म्हणाला.

डॉक्टर मला म्हणाले, “डोळे चांगले आहेत. तापाने मेंदूला इजा झाली, त्यात बघून ओळखणं गेलं. हे खोटं बोलत नाहीत.” परीक्षा माझीच होती, मी ती अर्ध्यावर सोडली होती. गावात येऊन हे मी सांगितलं, पण एकेकट्याला, हळू आवाजात. बाजारात उभं राहून नाही.

पुढे दाजी घरीच बोटांच्या अंदाजाने जाळी विणायचा. मी पायरीवर खोकलो की “ये मास्तर” म्हणायचा. शेवटच्या भेटीत मी मुद्दाम खोकलो नाही. का, कोण जाणे. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, मग त्याने माझा हात चाचपला.

“मास्तर, तुझी परीक्षा अजून संपूक नाय?”

परवा त्याच्या घरी गेलो. सवयीने पायरीवर खोकलो. “आता कित्याक खोकतास, भावजी?” वैनी म्हणाल्या. खुंटीवर त्याचं अर्धं जाळं होतं. मी नुसता बघत उभा राहिलो.

“हातात घेवा मरे,” त्या म्हणाल्या.

माझा हात पुढे झाला नाही.