दाखल्यातलं वय

माझ्या वडिलांना म्हातारं ठरवणारा कागद मीच आणून दिला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी ज्यांना शिव्या घालणार आहे, त्यांना बोलायला जागा नको.

वडील मरोळच्या एका कारखान्यात लेथवर जॉब, म्हणजे यंत्रांचे सुटे भाग, कातायला होते, पर्मनंट. कामाला लागले तेव्हा जन्मतारखेचा पुरावा कुणाकडे होता? कंपनीच्या डॉक्टरने बैलाचे बघावेत तसे दात बघितले आणि वय लिहिलं. ते बरोबरच निघालं. त्या हिशेबाने अठ्ठावन्न पुरी व्हायला अजून तीन वर्षं होती.

मग नवा पर्सोनेल ऑफिसर आला आणि नोटीस लागली: वयाचा पुरावा आणा. मी नुकताच बी.कॉम. झालेलो, आमच्या घराण्यातला पहिला.

वडील म्हणाले, "ऱ्हवांदे रे. गुरुजीन थंय कायतरीच लिवलेलां आसतला."

"बाबा, कागदाशिवाय आता काही चालत नाही. तुम्ही मशीन सांभाळा, कागद मी सांभाळतो."

केवढा तोरा! एसटीने गावी गेलो, शाळेचा दाखला काढला, वर झकास इंग्रजीत अर्ज जोडला. तारखेवरून नुसती नजर फिरवली.

खरं तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरले काका लहानपणी एकटे शाळेत जायला घाबरायचे. सोबतीला धाकट्याला, म्हणजे बाबांना, पाठवायचं ठरलं, पण चार वर्षांच्या पोराला शाळेत घेणार कोण? गुरुजींनी तीन वर्षं चढवली. गावात निम्म्या पोरांची वयं अशीच लिहिलेली.

पंधरा दिवसांत पत्र आलं. अठ्ठावन्न पूर्ण, महिनाअखेरीस निवृत्त.

मी वडिलांना घेऊन ऑफिसरकडे गेलो. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. गुरुजींची गोष्ट सांगितली, डॉक्टरची नोंद बघा म्हटलं.

"डॉक्टर अंदाजाने लिहितो. शाळेचा कागद सरकारी. आणि तो तुम्हीच आणलात ना? अक्षर छान आहे तुमचं."

"माझो एक तरी जॉब रिजेक्ट झालो काय?" वडिलांनी विचारलं.

"प्रश्न कामाचा नाही काका, वयाचा आहे."

वडिलांना ‘काका’ म्हणाला! नोकरी काढून घेताना नातं जोडत होता.

बाहेर बाकावर वडिलांच्याच खात्यातला फिटर बसलेला, आमच्याच बाजूच्या गावचा. त्याचं उलटं. दाखल्याप्रमाणे चार वर्षं शिल्लक, डॉक्टरप्रमाणे एकही नाही. त्याला याच टेबलावर सांगितलं होतं, "गावच्या शाळेच्या कागदाला काय अर्थ? डॉक्टरची नोंद पक्की."

म्हणजे ज्या कागदात वय जास्त, तो खरा! मी तसाच परत आत घुसलो. "साहेब, कुठला कागद खरा ते एकदा ठरवा ना!" शिपायाने दंड धरून मला बाहेर काढलं.

फिटर म्हणाला, "बघ रे, ग्रॅज्युएट झिलान बापाशीक म्हातारो केल्यान!" वडील हसले. मला हसू येईना. आजही येत नाही.

लेबर कोर्टात केस घातली. तारखा पडत राहिल्या. दोन महिन्यांनी वडील कंपनीच्याच मागच्या गल्लीत एका गाळ्यातल्या लेथवर लागले, टेम्पररी. पहिल्या दिवशी जेवताना म्हणाले, "तोच जॉब आसा. हात वळाखतत."

कंपनीने काम बाहेर, असल्या गाळ्यांना द्यायला सुरुवात केली होती. तोच पार्ट, तेच हात.

"मग तिथे म्हातारे झालात आणि इथे कसे चालता?" मी ओरडलो.

"हंय वय कोण इचारणा नाय," ते भात कालवत म्हणाले. "रजा पण गावणा नाय."