उपासाच्या डब्यातली गोळी

"गोळ्या रोज घेतात, मग झटका आला कसा?" फोनवर आमचे मेडिकल ऑफिसर विचारत होते. "पुण्याचे डॉक्टर औषध बदलायचं म्हणतायत. तुमचा पेशंट आहे, घरी जाऊन बघा."

पेशंट म्हणजे पासली गावचे दगडूतात्या. मागच्या रविवारी सकाळी त्यांच्या हातातला कप निसटला, जीभ जड झाली. थोड्या वेळात सगळं जागेवर आलं. लकव्याच्या अशा छोट्या झटक्यामागून मोठा येऊ शकतो. तो आला असता तर तात्या भात लावायला खाचरात नाही, अंथरुणात दिसले असते.

मी सबसेंटरची सीएचओ, म्हणजे गावपातळीवरची आरोग्य अधिकारी, बी.एस्सी. नर्सिंग. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते.

तात्यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त तिथं साचतं, गाठ होते, ती मेंदूत गेली की लकवा. हल्लीचं संशोधन सांगतं की कित्येकांना याचा पत्ताच नसतो, आणि याच्या जोडीनं हार्ट अटॅकचा धोकाही वाढतो. तात्यांचं तर मीच नाडी बघताना पकडलं होतं. गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, सकाळ-रात्र. तिचा असर दिवसभरात उतरतो, म्हणून खाडा चालत नाही.

मी गेले तो शनिवार होता. तात्या नुकताच चहा पिऊन ओट्यावर बसलेले.

"तात्या, सकाळची गोळी घेतली?"

"आज उपास हाय न्हवं. उपासाला गोळी कशी चालंल?"

मी खालीच बसले. "अहो, डॉक्टरांना रोज घेतो म्हणालात ना?"

"रोज घेतोच की. उपासाचा दिस सोडून."

तात्यांचे उपास म्हणजे सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. आणि झटका आला होता रविवारी सकाळी, शनिवारच्या उपासानंतर.

"चहा चालतो?" मी विचारलं.

"चालतो."

"शेंगदाणे?"

"व्हय."

"आणि ती गालातली तंबाखू?"

तात्यांनी तंबाखू या गालातून त्या गालात नेली. "ती काय पोटात जाती व्हय?"

मग मी हृदयाचं चित्र काढून दाखवलं. कप्पे, गाठ, मेंदू, सगळं. तात्यांनी कौतुकानं पाहिलं. "झ्याक काढलंय. पर पोरी, एवढं कॉलेज केलंस, तितं उपास शिकवला न्हाई?"

आत तात्यांच्या पत्नी, काकी, हसल्या. त्या तात्यांसाठी भगर शिजवत होत्या. मीठ घ्यायला हात गेला, थबकला, आणि फळीवरच्या दुसऱ्या डब्याकडे वळला. भगर, साबुदाणा, सैंधव, सगळं त्यात वेगळं.

"काकी, ह्या डब्यातलं सगळं उपासाला चालतं?"

"मग! ह्या डब्यातलं काय बी दिलं तर ह्ये इचारत बी न्हाईत."

मी तात्यांच्या गोळ्यांचं पाकीट पुढं केलं. "मग हे ठेवा त्यात."

काकींनी माझ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. पाकीट पदरानं पुसलं आणि सैंधवाशेजारी ठेवून झाकण लावलं. मग तेच झाकण उघडून एक गोळी काढली.

"घ्या. उपासाची हाय."

"कवापासनं?"

"आत्तापासनं. का माजा डबा बाटलाय म्हनायचं तुमास्नी?"

तात्यांनी तंबाखू थुंकली, चूळ भरली, गोळी गिळली.

परत निघताना साहेबांना फोन केला.

"काय निघालं?"

"सर, शनिवार निघाला."

पुण्याच्या डॉक्टरांना सगळं कळवलं, त्यांनी औषध आहे तेच ठेवलं. त्यानंतर तात्यांना झटका आलेला नाही. ते भात लावतात आणि मला चित्रावरून चिडवतात. मी मात्र आता कुणाचंही बीपी बघण्याआधी उपास कोणकोणते ते विचारते. हे बी.एस्सी.ला नव्हतं.

परवा तात्यांनी तंबाखूची पुडीही त्या डब्यात ठेवून पाहिली. काकींनी ती चुलीत घातली.