सुभद्राबाईंनी गाळलेलं नाव

माजलगाव धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं आणि वरच्या माळावर नवं वसलं, तेव्हा ख्रिस्ती घरांना शेवटची ओळ मिळाली. त्या ओळीच्या टोकाला पत्र्याचं चर्च, आणि चर्चला लागून सुभद्राबाईंचं दोन खोल्यांचं घर. सोमवार ते शनिवार त्या अंगणवाडीत मदतनीस. रविवारी मात्र त्या सगळ्यांच्या 'बाई' असत. उपासना संपली की मोठी माणसं घरी जात, आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलंमुली सतरंजीवर पुन्हा मांडी घालून बसत. त्यांना दृढीकरणासाठी तयार करायचं काम एकोणीस वर्षं बाईंकडे होतं. तान्हेपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा लेकराला कोणी विचारलेलं नसतं. आता बिशपसाहेबांपुढे उभं राहून, आपल्या तोंडानं, हा विश्वास माझा आहे असं म्हणायचं. मग साहेब डोक्यावर हात ठेवतात आणि मंडळी त्या लेकराला मोठ्यांत धरते.

बाईंची स्वतःची लेक सुनिता या सतरंजीवर कधी बसली नाही. ती पंधराची असतानाच बाईंनी तिचं लग्न लावून दिलं. बाईंचा नवरा म्हाळू तेव्हा अंथरुणाला खिळलेला. पोर डोळ्यांदेखत उजवू म्हणाला, आणि बाई हो म्हणाल्या. सुनिता ऊसतोडीला गेली. तीन बाळंतपणं झाली, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी गर्भपिशवी काढून टाकली. अजूनही ती माहेरी आली की भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसू शकत नाही. बाई तिला चहा देतात आणि दुसरीकडे बघतात.

त्या वर्षी वर्गात आठ जण होते. त्यांत अंगदची दीपमाला. दहावीतली, बारीक अंगाची, आवाज मात्र खणखणीत. विश्वासांगीकार, म्हणजे 'मी विश्वास धरतो' ही कबुली, म्हणताना सगळे एकमेकांच्या आडून पुटपुटत, तेव्हा ही उभी राहून म्हणायची. दिवाळीच्या आधी बिशपसाहेब येणार होते.

दसऱ्याच्या आठवड्यात अंगद अंगणवाडीच्या दारात आला. हसतमुख माणूस, चर्चच्या प्रत्येक कामाला पुढे.

"बाई, दीपीचं सर्टिफिकीट कवा मिळंल?"

"कावून? घाई काय हाय?"

"तलवाड्याकडचं स्थळ आलंय. आपल्यातलेच हायत. पोरगा तोडीला जातो, पण जोडी न्हाई म्हणून मुकादम त्याला कोयता देईना. ते म्हणायलेत, दृढीकरण झालेली पोरगी पायजे. बिशपसाहेबांचा हात डोक्यावर पडला म्हंजे पोरगी मोठी झाली, आता कोण काय म्हणंल? दिवाळीत उरकू, अन् लगेच कारखान्यावर."

नवराबायको मिळून एक कोयता. एकट्याला मुकादम उभा करत नाही, हे बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. पुढ्यातला पळी-पातेल्याचा पसारा तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "अंगद, पंधराची हाय ती."

"तुमची सुनी किती वर्साची व्हती?" अंगद रागानं बोलला नाही. साधं विचारलं.

पाळक प्रविणसाहेब तरुण होते. चार गावांच्या मंडळ्या मोटारसायकलवर सांभाळायचे. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं. "अठराच्या आत मी लग्न लावणार नाही, हे मी अंगदरावांना सांगतो. पण ते दुसरा कोणी शोधतील. मंडळीत निम्मी घरं त्यांच्या भावकीची आहेत, बाई."

"मग तिचं नाव यादीत घालू नका. दृढीकरण न्हाई, सर्टिफिकीट न्हाई, तर स्थळ मोडंल."

"तयार असलेल्या लेकराला मी कसं थांबवू?" साहेबांनी टोपी हातात फिरवली. "परीक्षा तुम्ही घेता. तयार कोण, कोण नाही, ते तुम्ही लिहून द्या. मी वाचून दाखवीन."

घरी येताना बाईंना वाटलं, एवढं एकच दार आपल्या हातात आहे. ते लावून घेतलं तर पोर वाचेल. पोरीलाच आधी विचारावं, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण ती बापाला सांगेल, बाप सावध होईल, या भीतीनं त्यांनी तो विचार बाजूला सारला.

परीक्षा शनिवारी दुपारी झाली. दीपमालाला बाईंनी दहा आज्ञा विचारल्या, मधूनच, उलट्या क्रमानं. तिनं सांगितल्या. प्रभुभोजनाला यायच्या आधी काय करायचं, विचारलं. "ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याकडं जाऊन बोलून यायचं," ती म्हणाली. बाई विचारत राहिल्या. कुठेतरी चुक, एकदा तरी अडखळ, असं मनात म्हणत त्यांनी इतरांना विचारले नव्हते ते प्रश्नही विचारले. पोर अडखळली नाही. शेवटी तिनंच हसून विचारलं, "झालं ना, बाई?"

बाईंनी मान हलवली. आणि कागदावर तिच्या नावापुढे लिहिलं: अजून तयार नाही.

रविवारी प्रविणसाहेबांनी सात नावं वाचली. दीपमाला जागची उठली. सगळी मंडळी बघत असताना तिनं विचारलं, "बाई, माझं कोणतं उत्तर चुकलं?"

साहेब खाली बघत राहिले. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बसू, बाळा."

"पण चुकलं काय?"

पोरगी पायांतल्या चपला हातात घेऊन बाहेर गेली. पाठीमागून अंगद उठला आणि त्याच्या मागे त्याची सगळी भावकी.

स्थळ मोडलं नाही. तलवाड्याच्या माणसांना सर्टिफिकेट हवं होतं ते लोकांच्या तोंडाला कुलूप घालायला. ते नाही म्हटल्यावर त्यांनी चर्चमध्ये लग्न लावायचा बेतच सोडून दिला. बाईंनी मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईनं नीट विचारलं, लग्न कोणत्या तारखेला, कोणत्या गावात, कोणाच्या दारात? बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. महिन्यापूर्वी दीपमाला शाळेतून येताना रोज अंगणवाडीत डोकवायची, घरातलं बारीकसारीक सांगायची. आता बाई दिसल्या की ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची. दोनदा बाई तिच्या दारात गेल्या. दोन्ही वेळा आजीनं, तुळजाबाईनं, उंबऱ्यातूनच सांगितलं, पोरगी घरात न्हाई. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

त्या फोनमुळे ग्रामसेवक येऊन अंगदला समजावून गेले. अंगदनं त्यांना हात जोडून सांगितलं, लग्नाचा विषयच नाही. पाचव्या दिवशी घराला कुलूप होतं. कोणाच्या तरी शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापुढे, हार घालून लग्न लागलं, आणि तिथूनच टेम्पो सांगलीकडे गेला. हे बाईंना कळलं तेव्हा त्या अंगणवाडीत खिचडी वाढत होत्या. त्यांनी पंगत वाढून पूर्ण केली, भांडी घासली, आणि मग मागच्या पायरीवर बसून तोंडात पदर कोंबला.

जानेवारीत त्यांनी चार दिवसांची रजा टाकली. तीन एस.टी. बदलून, विचारत विचारत त्या कारखान्याच्या मैदानावर पोचल्या. पाचटाच्या झोपड्यांची, कोप्यांची, रांगच रांग. दीपमाला तिथून जवळच उसाच्या फडात सापडली. डोक्यावर उसाची मोळी घेऊन, फळीवरून तोल सांभाळत ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढत होती. खाली उतरल्यावर तिनं बाईंना पाहिलं आणि चुंबळ काढून हातात धरली. गालांची हाडं वर आली होती.

"कशाला आल्या?"

"तुझ्याशी बोलायला. दीपे, तुझं एकबी उत्तर चुकलं नव्हतं. लग्न मोडावं म्हणून मी तुझं नाव गाळलं."

"ठाव हाय मला. आजीनं सांगितलं." तिनं हातावरचं कुसळ उपटलं. "तुमी मला कावून नाही विचारलं?"

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"बिशपसाहेब विचारतेत ना, तू आपल्या मर्जीनं उभी हायस का म्हणून? मी हो म्हणणार व्हते. अन् तिथंच सांगणार व्हते, की माझं लगीन लावायलेत ते माझ्या मर्जीनं न्हाई. साहेबांसमोर, सगळ्या मंडळीसमोर. मग बापाला काय करता आलं असतं? आठ दिवस पाठ करत व्हते मी ते. घरात तर कोणी ऐकंना. बोलायला तेवढीच एक जागा व्हती मला."

ट्रॉलीवरून कोणीतरी तिला हाक मारली. बाईंनी तिचा हात धरला. "चल माझ्यासंगं. आत्ता. मी पोलिसात जाते."

"आता नका काही करू," ती हळूच म्हणाली. "मला दिवस गेलेत." तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पुढच्या मोळीकडे गेली.

परतीच्या एस.टी.त बाई प्रार्थना करू लागल्या आणि त्यांना शब्दच आठवेनात. एकोणीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली प्रार्थना पहिल्या ओळीपुढे जाईना.

एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगामाची तोड संपली, आणि दीपमाला माहेरी आली. तिच्या अंगात रक्त नव्हतं. अंगद बाईंचं नाव काढू देत नव्हता, पण तपासणीला न्यायला घरात दुसरं कोणी रिकामं नव्हतं; म्हणून तुळजाबाई एक दिवस मुकाट्यानं बाईंच्या दारात येऊन उभी राहिली. तिघी माजलगावच्या दवाखान्यात गेल्या. सिस्टरनं कागद पुढे ओढला.

"वय?"

"एकोणीस," आजी म्हणाली.

"पंधरा," दीपमाला म्हणाली. "जूनला सोळा व्हतील."

सिस्टरचा पेन थांबला. तिनं बाईंकडे पाहिलं. बाई पोरीकडे बघत राहिल्या. दीपमालानं तोच आकडा पुन्हा सांगितला, त्याच आवाजात.

मग डॉक्टर आले, पोलीस आले. अंगदवर, जावयावर, तलवाड्याच्या माणसांवर गुन्हा नोंदला गेला. दीपमालाला बीडच्या मुलींच्या संस्थेत ठेवलं. गावानं सगळा दोष बाईंच्या माथी मारला. रविवारी सतरंजी अंथरली तर यंदा दोनच मुलं येतात, आणि तीही दाराकडे बघत बसतात. प्रविणसाहेब म्हणतात, थोडे दिवस जाऊ द्या. सुनिता म्हणते, आई, माझ्या वेळेला तू असं काही केलं असतंस तर.

दर दुसऱ्या शनिवारी अंगणवाडी आटोपून बाई बीडला जातात. कधी दीपमाला भेटायला बाहेर येते, कधी येत नाही. मग बाई फाटकाशी तासभर बसून परत फिरतात. मागच्या खेपेला ती आली. सातवा महिना, चालताना कमरेवर हात. बाईंनी आणलेले लाडू तिनं घेतले नाहीत. दहावीचं गणिताचं पुस्तक पाहिजे, एवढंच म्हणाली, आणि आत गेली. बाई बाजारात दुकानं विचारत हिंडल्या. पहिल्या दोन दुकानांत ते मिळालं नाही.