चौतीस नंबरचा बोल्ट

नागपूरच्या हेलिकॉप्टर युनिटमध्ये माझी बदली झाली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, आजऱ्याच्या बाजूला. तिथून नागपूरला पोचायला दोन दिवस लागायचे आणि तीन गाड्या बदलाव्या लागायच्या. शाळा मी नववीत सोडलेली. हवाई दलात भरती झालो तो ट्रॉली ओढायला, हँगर झाडायला आणि चाकांना ठोकळे लावायला. रोज सकाळी उठलं की पहिला विचार एकच यायचा : आज काही चुकलं तर हे लोक मला परत पाठवतील.

नाही पाठवलं. त्याचं कारण सार्जंट धकाते.

धकाते उमरेडचे. घरी हातमाग. वडील, काका, सगळे विणकर. हे एकटेच फौजेत आलेले. एअरफ्रेम फिटर होते. हेलिकॉप्टरचा सांगाडा आणि पायलटच्या हातातल्या दांडीपासून वरच्या पात्यांपर्यंत जाणारे सगळे रॉड, हे एअरफ्रेमवाल्यांचं काम. इंजिन वेगळ्या लोकांकडे, वायरिंग वेगळ्या लोकांकडे आणि ऑटोपायलट इन्स्ट्रुमेंटवाल्यांकडे. प्रत्येक ट्रेडला आपापल्या कामाचा अभिमान. दुसऱ्यानं आपल्या वस्तूला पाना लावलेला कुणालाच खपत नसे.

ड्यूटी संपल्यावर धकाते मला कँटीनच्या मागच्या बाकावर घेऊन बसायचे. अपूर्णांक, इंग्रजी मॅन्युअल, स्क्रूचे आटे. माझी तऱ्हा अशी की ट्रंकेचं कुलूप मी तीनदा ओढून बघायचो. पोरं हसायची. एकदा धकात्यांनीच सगळ्यांसमोर विचारलं, "काहून गा चौगुले, त्या ट्रंकेत हाय तरी काय? कोल्हापूरची अंबाबाई?" सगळे हसले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हसू दे त्याईले. तुले भेव हाय ना, थे चांगलं हाय. भेव असलेला माणूस पिन नाही विसरत."

दोन वर्षांनी मी खात्याची परीक्षा पास होऊन एअरफ्रेममध्ये आलो. आणखी तीन वर्षांनी कॉर्पोरल झालो.

आता पिनेचं सांगतो. हेलिकॉप्टरच्या कंट्रोलमध्ये एक रॉड दुसऱ्याला बोल्टनं जोडलेला असतो. बोल्टवर नट. नट थरथराटानं सुटू नये म्हणून त्यातून आरपार स्प्लिट पिन घालायची आणि तिची टोकं दुमडायची. पिन दोन पैशांचीही नसेल. पण ती नसेल तर नट सुटतो, मग बोल्ट सरकतो, मग रॉड निखळतो. मग पायलटच्या हातात नुसती दांडी राहते.

म्हणून नियम असा : कंट्रोलचं काहीही खोललं, की जोडणाऱ्यानं वहीत सही करायची. त्यानंतर ज्यानं त्या कामाला हात लावलेला नाही, अशा दुसऱ्या माणसानं पहिल्यापासून तपासायचं आणि मग त्याची सही. याला डुप्लिकेट इन्स्पेक्शन म्हणतात. प्रत्येक मशीनची एक वही असते. तिला आम्ही सेव्हन हंड्रेड म्हणायचो. वहीत कंट्रोलच्या पानावर कामाची नोंद असेल तर तिच्याखाली दोन सह्या पडल्याशिवाय मशीन उडत नाही.

नियम चांगला होता. आम्ही त्याला एक भोक पाडलं होतं.

त्या काळी ऑटोपायलट म्हणजे तारेतून आलेला इशारा रॉडपर्यंत पोचवणारी एक पेटी. ती बदलायची तर वरचा एक रॉड सोडवावाच लागे. पेटी इन्स्ट्रुमेंटवाल्यांची, रॉड आमचा. इन्स्ट्रुमेंटवाले रॉड सोडवायचे, पेटी बदलायचे, बोल्ट परत घालायचे आणि नट बोटानं फिरवून तसाच ठेवायचे. पिन घालायची नाही. कंट्रोलचा बोल्ट लॉक करणार तर एअरफ्रेमवालाच, असा धकात्यांचा दंडक होता. एका पोरानं एकदा स्वतःच पिन घातली, तेव्हा ती काढून त्याच्या हातात ठेवून म्हणाले होते, "घरी ने, दात कोरासाठी."

मग इन्स्ट्रुमेंटवाले वहीत ऑटोपायलटच्या पानावर काम लिहायचे आणि हँगरच्या फळ्यावर खडूनं मशीनचा नंबर आणि 'लॉक बाकी' एवढं लिहून जायचे. धकाते यायचे, फळा वाचायचे, पिन घालायचे. तेव्हा कुठं कंट्रोलच्या पानावर नोंद व्हायची, मग मी दुसरी सही करायचो. म्हणजे मधल्या वेळात कंट्रोलचं पान कोरं असायचं. वही बघणाऱ्याला मशीन तयारच दिसायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाला खटकलं नाही, कारण धकाते एकदाही चुकले नव्हते.

मी कॉर्पोरल झाल्यानंतरच्या ऑगस्टात वैनगंगेला पूर आला. बचावाची उड्डाणं सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी इंधनाच्या पिंपांची सोय लावायला धकाते बाहेर गेले. त्याच दुपारी इन्स्ट्रुमेंटच्या कॉर्पोरल जोसेफनं दोन मशीनच्या पेट्या बदलल्या, चौतीस नंबर आणि साठ नंबर. रिवाजाप्रमाणे फळ्यावर लिहिलं आणि बॅरॅकवर गेला.

१८३० वाजता ड्यूटी ऑफिसर हँगरमध्ये आले. मला म्हणाले, बोर्ड साफ कर, उद्याच्या सॉर्टीज, म्हणजे उड्डाणं, लिहायची आहेत. मी कापड घेतलं आणि पुसला. उजव्या कोपऱ्यात जोसेफचं अक्षर होतं. ते मी वाचलं होतं की नाही, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. पुसलं, एवढं खरं.

धकाते रात्री उशिरा परतले. त्यांनी फळा बघितला तेव्हा त्यावर फक्त सॉर्टीज होत्या.

०४३० ला फॉल-इन, सगळ्यांची हजेरी. उड्डाणापूर्वीची तपासणी मी केली. ऑटोपायलटचं झाकण त्या तपासणीत येत नाही. वहीचं कंट्रोलचं पान कोरं होतं. मी तपासणीची सही केली. ०६०० ला चौतीस नंबर निघालं. फ्लाइट लेफ्टनंट मेनन आणि त्यांचे को-पायलट पुढे, मागे टेक्निशियन म्हणून धकाते. दार ओढून घेताना त्यांनी मला बोटानं साठ नंबर दाखवलं. म्हणजे आता त्याच्या मागे लाग.

साठ नंबरची वेळ ०७३० ची होती. ०६५० च्या सुमारास मी वर चढलो. ऑटोपायलटच्या झाकणाचा एक स्क्रू अर्धा वर आलेला दिसला. घट्ट करायच्या आधी झाकण उघडून आत बघितलं, निव्वळ सवयीनं. पेटी नवी कोरी. मागच्या बोल्टला बोट लावलं तर नट फिरला. पिन नव्हती.

पहिल्यांदा जोसेफचा राग आला. दुसऱ्या क्षणाला फळा डोळ्यांपुढे आला. कोपऱ्यात दोन नंबर होते. एक नव्हे, दोन.

मी खाली कसा उतरलो ते आठवत नाही. इंजिनियरिंग ऑफिसर हँगरच्या दारात उभे होते. त्यांना म्हणालो, "सर, साठ नंबरचा कंट्रोल बोल्ट लॉक नाही. चौतीसचाही नाही. बोर्डवर लिहिलं होतं. बोर्ड मी पुसला."

ते रेडिओ रूमकडे पळत सुटले. मी त्यांच्या मागे.

०६५६ ला चौतीसशी संपर्क झाला. एका शाळेच्या छतावरून अकरा माणसं घेऊन ते नुकतेच उठले होते. ऑफिसरांनी काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि ताबडतोब उतरायला सांगितलं. मेनन म्हणाले, खाली सगळं पाणीच आहे, सडकेचा भराव सात-आठ मिनिटांवर आहे, तिकडे जातो. आवाजात काही फरक नव्हता. मग इंटरकॉमवर ऐकणारे धकाते मधे आले. त्यांनी मला मागितलं. ऑफिसरांनी माइक माझ्या हातात दिला.

"चौगुले, कोणता बोल्ट? पुढचा का मागचा?"

"मागचा, सार्ज. पेटीच्या वरचा."

थोडा वेळ नुसती खरखर. ते आतून छताचं झाकण उघडत असावेत; तोच जोड तिथूनही हाताला लागतो.

"दिसला. नट नाही. बोल्ट अर्धा भायेर आला हाय."

"नट खाली पडला असेल, सार्ज. बघता का?"

"शोधाले टाइम नाही. आत ढकलला. धरून राह्यलो."

रॉड सारखा पुढे-मागे होत असतो. बोल्ट धरायचा तर हात त्याच्याबरोबर हलवत राहावा लागतो, वर करून, उभ्यानं. मेनननी त्यांना बसून पट्टा बांधायला सांगितलं. ते उत्तर आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"सर, हाथ छोड़ा तो बोल्ट जाएगा. आप उतारिए."

पुढची सहा मिनिटं मेनन फक्त अंतर सांगत होते. ऑपरेटर पेन्सिलीनं वेळा लिहीत होता. ०७०३ ला मेनन म्हणाले, भराव दिसतोय. ०७०५ ला म्हणाले, उतरतोय. त्यानंतर आवाज आला नाही.

साठ नंबरचा बोल्ट मी लॉक केला. पिन घातली, टोकं दुमडली, सही केली. दुसरी सही इंजिनियरिंग ऑफिसरांनी स्वतः वर चढून, बोट लावून केली. ०७४० ला आम्ही त्याच मशीननं निघालो.

भरावाची कडा पाण्यानं पोखरलेली होती. चौतीसची चाकं टेकली, मग डावं चाक खचलं आणि मशीन आडवं होऊन उतारावर घसरलं. पाती तुटली, आग लागली नाही. अकराही माणसं जिवंत होती. कुणाचा हात मोडला, कुणाचं डोकं फुटलं. मेननच्या पायाचं हाड मोडलं होतं, को-पायलटला नुसतं खरचटलं होतं. धकाते एकटेच उभे होते. त्यांचं डोकं फ्रेमवर आपटलं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना सडकेवर ठेवून गावकऱ्यांनी अंगावर धोतर पांघरलं होतं.

मी मशीनमध्ये शिरून छत बघितलं. बोल्ट शेवटपर्यंत आत बसलेला होता.

चौकशी बसली. त्याआधी एक वरिष्ठ मला म्हणाले, फळ्याचं अजून कागदावर कुठंच आलेलं नाही, विचार करून बोल. ते वाईट हेतूनं म्हणाले नाहीत. मी रात्रभर विचार केला. ट्रेड जाईल, गावाला परत जावं लागेल, भावांना काय सांगू, हाच विचार. सकाळी आत गेलो आणि सगळं सांगितलं. आमचा रिवाजही सांगितला, धकात्यांचा दंडकही. त्यांचं नावही घेतलं. ते लपवलं असतं तर पुढच्या माणसाच्या मशीनमध्येही तेच भोक राहिलं असतं.

मला सिव्हियर रेप्रिमांड, म्हणजे कडक ताशेरा, मिळाला. जोसेफलाही. ट्रेड राहिला. त्याबद्दल मी आजही त्या अधिकाऱ्यांचा ऋणी आहे.

युनिटचा नियम बदलला. कुठल्याही ट्रेडचा माणूस असो, पेटी असो की तार, कंट्रोलच्या रॉडला पाना लावायच्या आधी कंट्रोलच्या पानावर लाल शाईत नोंद. त्या क्षणापासून मशीन जमिनीवर. दोन सह्या झाल्याशिवाय लाल नोंद कटणार नाही. फळ्यावर लिहिलेलं, तोंडी सांगितलेलं, काही चालणार नाही. पुढची एकोणीस वर्षं मी हे पाळलं आणि पाळायला लावलं. माझ्यामुळे सॉर्टीज लेट झाल्या, पायलट ओरडले, एका विंग कमांडरनं मला म्हातारी बाई म्हटलं. मी म्हटलं, ठीक आहे सर, पण दुसरी सही?

आता माझी भाची हेलिकॉप्टरच्या नव्या कंट्रोलवर काम करते. ती सांगते, मामा, आता रॉडच नसतात. पायलटचा हात हलला की तारेतून इशारा जातो आणि कॉम्प्युटर पाती वळवतो. मी विचारलं, तार तुटली तर? म्हणाली, एका तारेवर कधीच सोडत नाहीत. तीन-चार वेगळ्या वाटा असतात, त्या एकमेकींना तपासत राहतात, एक चुकली तर बाकीच्या तिला बाजूला काढतात. तिचं गणित मला कळलं नाही. तपासणाऱ्यानं कामाला हात लावलेला नसावा, तेवढं बरोबर कळलं. मी तिला एवढंच विचारलं की पेटी एकाची आणि तार दुसऱ्याची असेल तर मधल्या जोडावर सही कोण करतं. ती म्हणाली, बघून सांगते. दोन दिवसांनी फोन करून तिनं नीट सांगितलं. मला बरं वाटलं.

उमरेडला मी त्याच वर्षी गेलो होतो, चौकशीचा निकाल लागल्यावर. एसटीनं. धकात्यांचे वडील मागावर बसले होते. मी आलोय म्हटल्यावर पाय थांबवले, पण उठले नाहीत. मी समोर जमिनीवर बसलो आणि फळ्याचं सगळं सांगितलं.

सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "थे आतमधली माणसं?"

"अकरा होती. सगळी घरी गेली."

"लेकरं होती काय त्यात?"

"दोन."

त्यांनी मान हलवली.

"आता तिथं त्याचं काम कोण करून राह्यलं?"

"मी करतो, बाबा."

"मंग बरोबर करजो," म्हणाले, आणि माग पुन्हा सुरू केला.