आठ दिवसांत मिटलेली जखम

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत तास संपवून बाहेर पडत होतो. फोनवर बायको रडत होती. मला रडू आलं नाही, आणि आज पाच आठवड्यांनंतरही आलेलं नाही. पेपरच्या पुरवणीत लिहायचं तर चार शब्द चांगले लिही, असं नातेवाईक सुचवतात. आगाशीतली आमची पानवेलीची वाडी काकांनी एकहाती जगवली, हे खरंच आहे. दुसरंही खरं आहे...

सत्त्याण्णव साली मी कॉलेजात होतो. वाडीत खांबासाठी खड्डा खणताना पहार माझ्या डाव्या पायात घुसली. वडील हयात नव्हते. घरात शब्द काकांचा. त्यांनी पानाच्या डब्यातला चुना हळदीत कालवला, जखमेवर थापला आणि फडक्यानं घट्ट आवळलं. कोयता लागलेले गडी त्यांच्याकडेच येत, आणि वरवरचे घाव त्या लेपानं सुकतही. माझ्या घावाचं तोंड लहान होतं, पण तो खोल होता. आठ दिवसांत कातडी मिटली. काकांनी रस्त्यावरच्या लोकांना बोलावून माझा पाय दाखवला. आत ठणकतंय, असं मी सांगितलं. "पुस्तकं वाचणाऱ्यांना जरा जास्तच दुखतं," ते हसून म्हणाले.

पंधराव्या दिवशी मी तापानं फणफणलो, तेव्हा आईनं त्यांना न विचारता रिक्षा बोलावली आणि मला माणिकपूरच्या दवाखान्यात नेलं. पू हाडापर्यंत पोचला होता. दोन बोटं काढावी लागली. ड्रेसिंग करणाऱ्या बाई अर्नाळ्याच्या. ओल्या गॉजची पट्टी त्या चिमट्यानं जखमेच्या तळापर्यंत सारायच्या. "वरून मिटली त्याला काय अर्थ नाय, बाबा. तळातून भरत आली पायजे." महिन्याभरानं आत बारीक तांबडे दाणे दिसू लागले, जरा धक्का लागला की रक्त येणारे. बाई खूश झाल्या. ते नवं मांस होतं. जखम पुरती भरायला अडीच महिने गेले.

काकांची गोष्ट मात्र वेगळी होती. प्रत्येक लग्नात ते मला हाक मारत. "ये रे, पाय दाखव यांना. मी घाव मिटवला होता. दवाखान्यानं उकरला, बोटं गेली." वर्षानुवर्षं हेच. मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं: माझं चुकलं.

बाराव्याला गेलो तेव्हा काकू कपाट आवरत होत्या. एक मळकं कार्ड पुढे करून म्हणाल्या, "हे ठेवायचं का रे?" त्याच दवाखान्याचं ड्रेसिंगचं कार्ड, नाव काकांचं. गेल्या वर्षी कोयत्यानं त्यांचा अंगठा खोल कापला होता. "मी चुना कालवायला घेतला, तर खेकसले माझ्यावर. म्हणाले, आतून भरली नाही तर बोट जाईल. रोज बसने जायचे. एक दिवस चुकवला नाही. तुला तेवढं सांगू नको म्हणाले."

कार्डावर शेवटची तारीख एप्रिलची होती. मे महिन्यात भाचीच्या लग्नात त्याच अंगठ्यानं माझ्या पायाकडे खूण करत त्यांनी पाहुण्यांना तीच गोष्ट सांगितली होती...

अडाणीपणा मी केव्हाच माफ केला असता. ते कार्ड आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. "मी ठेवतो," असं म्हटल्यावर काकूंनी डोळ्याला पदर लावला. त्यांना वाटलं, आठवण म्हणून नेतोय.