मिठाचा खड्डा

बाबलकाका घरी आले की आधी उलटा हात लावायचे. दाराच्या कडीला, खिडकीच्या गजांना, स्विचबोर्डाच्या पत्र्याला बोटांची मागची बाजू टेकवून बघायचे आणि मगच बाकावर बसायचे. लग्न होऊन मी वाकोल्याला आले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला सोवळ्याओवळ्याचं वेड आहे. एकदा तर मी पुढे केलेल्या पाण्याच्या तांब्यालाही त्यांनी उलटा हात लावला. मी फिस्सकन हसले. "हस गो, हस," ते म्हणाले. "तळव्यान धरलंस आणि करंट असलो, तर मूठ सुटाची नाय. उलटो हात झटको खाता, पण मागे येता."

ते माझ्या सासऱ्यांच्या गावचे, मालवणकडचे. जन्मभर गिरणीत वायरमन होते. सासरे गेले, पण काकांचं रविवारी सकाळी येणं चालूच राहिलं. स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं घर जुनं, कौलारू. दिव्याच्या तारा भिंतीवरच्या लाकडी पट्ट्यांतून फिरवलेल्या, त्यांच्यावरचं कापड उंदरांनी खाल्लेलं. फ्यूज सारखा उडतो म्हणून माझ्या दिरांनी तिथे सासूबाईंच्या अंबाड्याचा आकडा अडकवला होता. काकांनी तो ओढून काढला आणि सासूबाईंच्या हातात ठेवला. "वैनीनू, ह्यो डोक्यात घाला. थंयची तार जळता, ती घर जळा नये म्हणान."

आसपासच्या सगळ्या जुन्या घरांत त्यांचं हेच चाले. लोक म्हणायचे, "काका, दिवा लागतोय ना? मग झालं की!" काका मान हलवायचे. "दिवो पेटता म्हणान सगळा बरा आसा, असा नाय." तेच वाक्य, त्याच सुरात, शंभरदा. खरं सांगते, मला त्यांचा कंटाळा यायचा. स्वयंपाक सोडून त्यांचं ऐकत उभं राहायचं म्हणजे नको नको व्हायचं. दिरांनी विजेची इस्त्री आणली तेव्हा तर काका हट्टालाच पेटले. अर्थिंग केल्याशिवाय ती वापरायची नाही! शेवटी कटकट मिटावी म्हणून आम्ही हो म्हटलं.

त्यांनी अंगणात खड्डा खणला, नळी उभी केली, भोवती कोळसा आणि खडेमीठ भरलं. इस्त्रीच्या पिनेपासून निघालेली जाड जस्ती तार भिंतीवरून आणून त्या नळीला आवळली. इस्त्रीत बिघाड झाला तर करंट माणसातून न जाता या तारेतून जमिनीत जाईल, एवढं मला समजलं. "सूनबाय, सकाळी एक तांब्यो पाणी हंय घालायचा. माती सुकली की अर्थिंग मेला." मी मान डोलावली आणि चार दिवस पाणी घातलं. पाचव्या दिवशी विसरले.

खड्ड्याशेजारी सासूबाईंची जाई होती. सासऱ्यांनी लावलेली. मिठाने ती महिन्याभरात वाळून काटकी झाली. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मग त्यांनी एका माळ्याला बोलावून खड्ड्यातलं मीठ उपसलं, माती लोटली आणि नळीपासून तार सोडवून तिचं टोक पेरूच्या झाडाला बांधलं. वाळत घालायला झकास दोरी झाली! मला ते बरोबर वाटत नव्हतं. काका मुद्दाम मला समजावून गेले होते ना! पण नवी सून, सासूपुढे तोंड कोण उघडणार? मीही त्याच तारेवर कपडे वाळत घालू लागले.

पुढच्या रविवारी मी खिडकीशी पाटावर बसून दिरांची पँट इस्त्री करत होते. सासूबाई ओल्या अंगणात, अनवाणी, पिळलेलं लुगडं घेऊन तारेकडे निघाल्या होत्या. फाटकातून काका आले. त्यांनी तार पाहिली, खिडकीतली इस्त्री पाहिली आणि छत्री टाकून ते धावले. तो म्हातारा धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. "वैनीनू, हात लावू नकात!" लुगडं तारेवर पडणार एवढ्यात त्यांनी खांद्याने सासूबाईंना ढकललं. त्या धुण्याच्या दगडावर आपटल्या. मनगट मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला.

"ढकललात माका! भर आंगणात!" सासूबाई किंचाळल्या. शेजारी गोळा झाले.  काकांनी खिशातून दोन तारा जोडलेला दिवा काढला. एक तार पेरूला बांधलेल्या तारेला लावली, दुसरी खड्ड्यातल्या जुन्या नळीला, आणि बादलीभर पाणी तिथे ओतलं. भर उन्हात तो दिवा लालसर पेटला. इस्त्री आतून बिघडली होती आणि तिचा करंट जमिनीत न जाता त्या तारेत उतरला होता. मी कोरड्या पाटावर होते म्हणून मला कळलंच नव्हतं. चालू इस्त्री माझ्या हातात होती, आणि बाहेर सासूबाई मरणार होत्या. 

मी पिन उपटून काढली. काका पायरीवर बसले. "सांगान सांगान मी दमलंय गो, बाये," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

सासूबाईंचं मनगट प्लास्टरमध्ये असताना काकांनी नवा खड्डा खणला. तोही कुठे? धुण्याच्या दगडाचं पाणी जिथे वाहून जातं, नेमका तिथे. "कपडे तर रोज धुशाल? मग झाला. माणसांच्या आठवणीर माझो भरवसो नाय." सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मनगट वाकडंच जुळलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या तेच दाखवायच्या. मी एकदा काकांना म्हटलं, तुम्ही जीव वाचवलात, त्यांना कळत कसं नाही? ते हसले. "मोडलेलो हात दिसता. जा झालाच नाय, ता कोणाक दिसतला?"

पुढे ते गावी गेले. दीड-दोन वर्षांनी पोस्टकार्ड आलं, बाबलकाका गेले. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर त्या वाकड्या हाताने तांब्या धरून नव्या खड्ड्यात पाणी घालत होत्या.

"आई, तिथे धुण्याचं पाणी आपोआप जातं," मी म्हटलं.

"ठावक आसा माका," त्या म्हणाल्या, आणि तांब्या पुन्हा भरायला वळल्या.