पोत्यांजवळची उभी बैठक

पावाच्या कारखान्यात ती पॅकिंगच्या टेबलाशी लागली तेव्हा तिचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि शिफ्टची मुख्य झाली तेव्हा तिची मुलगी कॉलेजात जायला लागली होती. मधली सगळी वर्षं तिने एका माणसाच्या आवाजाखाली काढली. तो जुना फोरमन. त्याचा आवाज भट्टीच्या घरघरीवरूनही ऐकू यायचा. पाव करपला, कोण? मीठ जास्त झालं, कोण? 'कोण'च्या पुढचा प्रश्न त्याला कधी सुचलाच नाही. मग करपलेले पाव कचऱ्याच्या पिंपात तळाशी जायचे आणि वरून रिकाम्या पिशव्या नीट पसरल्या जायच्या. ही कला तिथे सगळ्यांना येत होती. शेजारी बसणारी चष्मेवाली तर त्यात इतकी तरबेज होती की नवीन आलेल्या बायकांना तीच शिकवायची. "पाव कसा भरायचा ते नंतर. आधी पाव कसा पुरायचा ते बघ."

फोरमन रिटायर झाला आणि त्याची जागा हिच्या गळ्यात पडली. सगळे तिला ताई म्हणायला लागले. चष्मेवालीसुद्धा चारचौघांत 'ताई, तुम्ही' म्हणायची आणि डबा खाताना परत 'अगं ए' वर यायची.

ताईने पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट केली. शिफ्ट संपल्यावर सगळ्यांना पिठाच्या पोत्यांजवळ उभं केलं आणि म्हणाली, "आज भट्टीचं तापमान मी चुकीचं सांगितलं. पहिली खेप माझ्यामुळे कच्ची राहिली. घाईत होते, जुना आकडा डोक्यात होता. उद्यापासून आकडा पाटीवर लिहीन. आणखी कोणाचं काही?"

कोणाचंच काही नव्हतं. सगळे आपापल्या चपला बघत होते. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. घरी नवरा म्हणाला, "तू रोज कान पकडून उभी राहणार आणि ते मजा बघणार. डोक्यावर बसतील."

"बसू देत," ती म्हणाली. "पिंपात पाव पुरण्यापेक्षा बरं."

शेवटी बोलले ते मामा. मामा म्हणजे मिक्सर चालवणारा माणूस. कोणाचे मामा होते देव जाणे, पण अख्खा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. घसा खाकरून ते म्हणाले, "काल मीठ दोनदा पडलं, ते माझ्याकडून." सगळ्यांनी सवयीने माना आत घेतल्या. ताईने विचारलं, "कसं काय पडलं?"

मामा गोंधळले. कसं पडलं हे त्यांना नोकरीत कोणी विचारलंच नव्हतं. मग विचार करत म्हणाले की मिठाचा आणि साखरेचा डबा सारखाच आहे, मध्येच कोणी हाक मारली की हात चुकतो. दुसऱ्या दिवशी मिठाच्या डब्याला लाल झाकण आलं. एवढंच. पण त्या लाल झाकणाने लोकांच्या तोंडाची कुलपं निघाली. पॅकिंगवाल्या बोलल्या, भट्टीवाले बोलले. टिंगलही व्हायची. चष्मेवाली म्हणायची, "माझी आज एकही चूक नाही, मला फार अपराधी वाटतंय." पाव वाया जाणं कमी झालं, ओरडणं बंद झालं. जुन्या मॅनेजरांना रिटायर व्हायचे वेध लागले होते. ते म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा, मला यातलं काही माहीत नाही." ताईला याहून जास्त काही नकोच होतं.

त्यांच्या जागी नवे साहेब आले. गोड बोलणारे, शिकलेले, सगळ्यांच्या खुर्चीपाशी जाऊन चौकशी करणारे. पोत्यांजवळची बैठक त्यांनी कोपऱ्यात उभं राहून ऐकली आणि ताईला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, तुम्ही जे करताय ते लोक पुस्तकांत वाचतात," ते म्हणाले. "मला दर आठवड्याला सांगत जा, काय काय निघालं. कोण काय बोललं, सगळं."

"नावं नको, सर. नावं न सांगण्यावरच तर ते चाललंय."

"माझ्यावर विश्वास नाही?" साहेब हसले. "अहो, मला शिकायचंय. शिक्षा करायची असती तर बैठक बंदच केली असती ना?"

तिला ते पटलं. खरं तर तिला ते आवडलं. इतक्या वर्षांत केबिनमधल्या माणसाने तिला पहिल्यांदाच समोर बसवून चहा दिला होता. ती सांगत गेली.

मिक्सरला एक जाळी होती. जाळी उघडली की यंत्र आपोआप थांबायचं, म्हणजे आत हात गेला तरी पाती फिरू नयेत. पण जाळीचं स्विच जुनं झालं होतं. जाळी बंद असतानाही यंत्र मध्येच थांबायचं आणि कणिक अर्धवट पडून राहायची. म्हणून कोणीतरी स्विच तारेने दाबून बांधून टाकलं. आता यंत्र कधीच थांबत नव्हतं, जाळी उघडली तरी. एके दिवशी मामा पाती पुसत असताना पलीकडून कोणीतरी बटण दाबलं. मामांच्या शर्टाची बाही गेली, हात वाचला. त्या दिवशी बैठकीत मामांनी फाटकी बाही सगळ्यांना दाखवली.

"तार मीच बांधली होती," ते म्हणाले. "माल वेळेत निघावा म्हणून. मीच मेलो असतो. कोणी असं करू नका, आणि स्विच बदलून घ्या."

ताईला त्यांचा अभिमान वाटला. ती तडक केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं, नावासकट. स्विच लगेच बदलायला हवं, असंही सांगितलं.

दोन दिवसांनी मामांच्या हातात नोटीस पडली. सुरक्षेच्या साधनात जाणूनबुजून फेरफार. मामांना मिक्सरवरून काढून अंगण झाडायला लावलं. स्विच तसंच राहिलं. तार तेवढी काढायला लावली. यंत्र पुन्हा अडखळायला लागलं, रोजचा माल मात्र तेवढाच मागितला जात होता, आणि आठवडा संपायच्या आत तार परत जागेवर आली. या वेळी ती कोणी बांधली, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

ताई केबिनमध्ये गेली. "सर, तुम्ही शब्द दिला होता."

"मॅडम, खुलेपणा वेगळा आणि शिस्त वेगळी," साहेब म्हणाले. "मी कारवाई केली नसती तर लोक काय शिकले असते?"

"आणि स्विच?"

"वर कळवलंय."

त्या संध्याकाळी पोत्यांजवळ तिने विचारलं, "कोणाचं काही?" सगळ्यांनी आपापल्या चपला बघितल्या. "सगळं ठीक आहे, ताई," चष्मेवाली म्हणाली. डबा खातानाही तिने त्या दिवसापासून 'अगं' म्हटलं नाही.

तेव्हाच तिने आकाशपाताळ एक करायला हवं होतं. स्विच बदलल्याशिवाय मिक्सर चालू देणार नाही म्हणून आडवं पडायला हवं होतं. मनातल्या मनात ती रोज पडतही होती. पण साहेबांनी तिच्यापुढे बढती ठेवली. कंपनीच्या सगळ्या शाखांमध्ये जाऊन ही बैठक कशी घ्यायची ते शिकवायचं. गाडी, टेबल, भिंतीवर चित्रं दाखवायचं यंत्र. नवऱ्याची कंबर धरली होती, त्याला कामावर जाणं जमत नव्हतं. मुलीचं शिक्षण चालू होतं. ही कारणं खरी होती. आणि मामा अंगण झाडताना दिसायचे ते आता रोज दिसणार नाहीत, हेही कारण खरं होतं. ते तिने कोणाला सांगितलं नाही.

ती गावोगाव फिरली. "चूक सांगणारा माणूस ही आपली संपत्ती आहे," असं तिने किती सभागृहांत म्हटलं, याचा हिशेब नाही. लोक टाळ्या वाजवायचे. एका ठिकाणी मागच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, "आणि सांगितल्यावर त्या माणसाचं काय होतं?" ताई म्हणाली, "चांगला प्रश्न आहे," आणि पुढच्या चित्राकडे वळली.

इकडे बैठक चालूच होती. पोत्यांच्या वर रंगीत फलक लागला होता: बोला, शिका, वाढा. रोज एक जण विचारायचा, "कोणाचं काही?" आणि बाकीचे म्हणायचे, "काही नाही." साहेबांच्या अहवालात कारखाना निर्दोष होत चालला होता.

मिक्सरवर माणूस कमी पडला म्हणून पॅकिंगमधून चष्मेवालीला तिथे पाठवलं. तिने कणकेचा गोळा सोडवायला जाळी उघडली आणि हात घातला. यंत्र थांबलं नाही. उजवा हात मनगटापासून गेला.

चौकशीला मुख्य कचेरीतून माणसं आली. ताईलाही बोलावलं, कारण या प्रसंगातून शिकण्याची खास बैठक तिनेच घ्यावी, असं ठरलं होतं. लांब टेबलाच्या एका बाजूला कचेरीची माणसं, मधोमध साहेब, आणि भिंतीला टेकून सगळी शिफ्ट. साहेबांनी अगदी दुखऱ्या आवाजात विचारलं, "ही तार कोणालाच माहीत नव्हती?"

भट्टीवाला गप्प. पॅकिंगच्या बायका गप्प. दाराशी झाडू घेऊन उभे असलेले मामा गप्प.

"मला माहीत होती," ताई म्हणाली. "आणि सर, तुम्हालाही. मी तुमच्या केबिनमध्ये उभी राहून सांगितलं होतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही तार काढायला सांगितली होती, आणि मी ती काढून घेतली. ती परत बांधल्याचं तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला लेखी कळवलं नाहीत, असंच ना?"

ती मामांकडे वळली. "मामा, तुम्ही सांगा. तुमच्या नोटिशीच्या वेळीच मी स्विचचं बोलले होते की नाही?"

मामांनी झाडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मला काही आठवत नाही, ताई."

बाहेर जिन्यात तिने त्यांना गाठलं. ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते, पण आवाज शांत होता. "रागावू नका. एकदा बोलून बघितलं होतं की मी."

रागवायला तिच्याकडे तोंडच नव्हतं.

महिन्याभरात ठपका तिच्यावर आला आणि नोकरी गेली. साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. स्विच मात्र चौकशीची माणसं गाडीत बसायच्या आतच बदललं गेलं. मेन्टेनन्सच्या माणसाला ते बसवायला जेवणाच्या सुट्टीएवढाही वेळ लागला नाही.

बरेच दिवस टाळून एका दुपारी ती चष्मेवालीच्या घरी गेली. वरच्या मजल्यावरची एकच खोली, खिडकीत वाळत घातलेले कपडे. चष्मेवालीने दार उघडलं, आत घेतलं, खुर्ची पुढे केली. काय बोलायचं ते ताईने वाटेत घोकलं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

"तुला तार दिसली नव्हती का गं?" तिने शेवटी भलतंच विचारलं.

"दिसत होती की. रोज दिसायची." चष्मेवाली गॅसकडे वळली. "सांगायची कोणाला? फलकाला?"

"मला सांगायचंस."

"तुम्हाला?" तिने मागे वळून पाहिलं. 'तुम्ही' अजून तसंच होतं. "मामांनी तुम्हालाच सांगितलं होतं ना?"

चहा उकळला. चष्मेवालीने डाव्या हाताने पातेलं उचललं, ते कललं, अर्धा चहा ओट्यावर सांडला. ताई झटकन उठून पुढे झाली.

"बसा," चष्मेवाली म्हणाली, तिच्याकडे न बघता. "मी शिकतेय."

तिने उरलेला चहा दोन कपांत सारखा केला, फडकं घेऊन ओटा पुसला आणि कप आणून ठेवले. दोघींनी चहा प्यायला. मग ताई निघाली, आणि पुन्हा तिथे गेली नाही.